डेबियनच्या मशीनवर वर्षानुवर्षं साचलेली पॅकेजेस आवरायची कशी?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: डेबियन या लिनक्स वितरणाच्या ११ व्या आवृत्तीपासून अपग्रेड करत करत १३ वर आलात, मशीन उभं करायची एक शेल स्क्रिप्ट गिटमध्ये (फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात) आहे, तिच्यात 'एपीटी इन्स्टॉल' या पॅकेजेस टाकायच्या कमांडपुढे नावांची भलीमोठी रांग आहे आणि त्यातली निम्मी नावं कशासाठी घातली होती ते आता आठवत नाही. 'डीपीकेजी'ची, म्हणजे मशीनवरच्या सगळ्या पॅकेजेसची, यादी दोन हजारांच्या घरात गेली म्हणून तुम्ही घाबरलात.

ते दोन हजार आधी विसरा. त्यातल्या बहुतेक लायब्ररी आहेत, कुणाच्या तरी गरजेपोटी आलेल्या. त्यांचा हिशेब एपीटी ठेवतो. तुमचा संबंध फक्त 'मॅन्युअल', म्हणजे 'मुद्दाम मागितलेलं', असा शिक्का असलेल्या पॅकेजेसशी. 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' चालवलंत की ती यादी मिळेल. त्यात 'लिब'ने सुरू होणारी नावं दिसली तर समजा, कुठल्या तरी ट्युटोरियलमधली कमांड जशीच्या तशी चिकटवली गेली होती. इन्स्टॉलरनेही बरीच नावं त्या यादीत घातलेली असतात. विशेषतः लाइव्ह इमेजवरून (न टाकता थेट चालवून बघता येणाऱ्या प्रतीवरून) डेबियन टाकलं असेल तर जपानी, कोरियन, थाई भाषांची टायपिंगची साधनंसुद्धा सापडतील, जी तुम्ही कधी मागितलीच नव्हती.

पण खरी गोम त्या स्क्रिप्टमध्येच आहे. ती फक्त भर घालते. आज तुम्ही तिच्यातून एक नाव खोडलंत तरी मशीनवरचं पॅकेज जागचं हलत नाही. स्क्रिप्ट एक सांगते, मशीनवर दुसरंच असतं. ॲन्सिबल या मशीन उभारायच्या साधनात 'स्टेट प्रेझेंट' (हे पॅकेज असायला हवं) लिहून ठेवणाऱ्यांचीही हीच गत. निक्सओएस या दुसऱ्या लिनक्स वितरणामध्ये हा प्रश्न मुळात येत नाही, कारण तिथे यादीतून नाव गेलं की पुढच्या बांधणीत ते पॅकेजही नसतं. तेवढ्यासाठी वितरण बदला असं मात्र मी म्हणणार नाही, डेबियनमध्येही हे जमतं.

त्यासाठी 'इक्विव्ह्ज' नावाचं जुनं, साधं साधन आहे. त्याने स्वतःचं एक मेटापॅकेज बनवता येतं: आत एकही प्रोग्रॅम नाही, फक्त 'डिपेंड्स'च्या ओळीत तुम्हाला हव्या असलेल्या पॅकेजेसची नावं. 'इक्विव्ह्ज-कंट्रोल'ने साचा मिळतो, तो भरून 'इक्विव्ह्ज-बिल्ड' केलं की डेब फाइल हातात. ती टाका आणि मग बाकीच्यांचा शिक्का 'एपीटी-मार्क ऑटो'ने बदला. यात काहीच उडत नाही, फक्त 'हे मी मुद्दाम मागितलेलं नाही' एवढी नोंद होते. ज्याची कुणाला गरज आहे ते राहतं, उरलेली नावं 'ऑटोरिमूव्ह'च्या, म्हणजे आता कुणालाच नको म्हणून काढता येणाऱ्या पॅकेजेसच्या, यादीत येतात. पुढे एखादं साधन नकोसं झालं की 'डिपेंड्स'मधून खोडा, आवृत्तीचा आकडा वाढवा, पुन्हा बांधा, टाका आणि 'ऑटोरिमूव्ह' चालवा. प्रत्येक नाव का घातलं ते गिटच्या कमिट-संदेशात एका ओळीत लिहा. दोन वर्षांनी 'हे कशाला?' हा प्रश्न पडेलच, तेव्हा गिटला विचारता येईल.

आता खबरदारी, कारण इथे सुक्याबरोबर ओलंही जळतं. काही पॅकेजेसवर सहसा दुसरं कुणीच अवलंबून नसतं, पण त्यांच्यावाचून तुमचं अडतं. वायफायचं फर्मवेअर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) आणि प्रोसेसरमधल्या दुरुस्त्यांचं 'इंटेल-मायक्रोकोड' ही ठळक उदाहरणं. ती स्वतःच्या मेटापॅकेजात घातल्याशिवाय त्यांचा शिक्का बदलू नका, नाहीतर नेट गेल्यावर फर्मवेअर उतरवायला दुसऱ्याचा फोन मागायची पाळी. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणणारं 'लिनक्स-इमेज-एएमडी६४' तर आवर्जून घाला. ते गेलं तर लगेच काही बिघडत नाही, म्हणूनच ते जास्त घातक: चालू कर्नल तसाच राहतो, नवा कर्नल यायचा तेवढा थांबतो आणि कळतही नाही. मराठीत लिहीत असाल तर 'आयबस-एम१७एन' आणि 'फॉन्ट्स-लोहित-देवा' किंवा तुमचा जो देवनागरी फॉन्ट असेल तोही त्या ओळीत हवा. जपानी-कोरियन साधनांबरोबर इनपुटची सगळीच पॅकेजेस एका दमात झाडली, तर मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यांच्याबरोबर जाईल.

'ऑटोरिमूव्ह' आधी 'सिम्युलेट' पर्यायाने (काही न काढता नुसतं दाखवणाऱ्या) चालवा आणि यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. डेस्कटॉपचं किंवा लॉगिन मॅनेजरचं नाव दिसलं तर तिथेच थांबून ते तुमच्या मेटापॅकेजात घाला.

उलटही होतं: इतके शिक्के बदलूनही यादी फारच छोटी निघते. याचं कारण असं की एपीटी सक्तीच्या नात्याबरोबर 'रेकमेंड्स' आणि 'सजेस्ट्स' ही सैल नातीही धरतो. कुणीतरी नुसतं 'हे असलं तर बरं' म्हटलेलं असलं तरी ते पॅकेज टिकतं. एपीटीचं 'सजेस्ट्सइम्पॉर्टंट' हे सेटिंग 'फॉल्स' केलंत तर हा गाळ निघतो. 'रेकमेंड्स'ना मात्र हात लावू नका. छपाई, ब्लूटूथ असल्या ठिकाणी त्यांच्यावाचून काय बंद पडलं हे शोधण्यात संध्याकाळ जाते. एखादं पॅकेज का टिकून आहे हे कळत नसेल तर 'ॲप्टिट्यूड व्हाय' पूर्ण साखळी दाखवतं. माझ्या मते ॲप्टिट्यूड हे एपीटीसारखंच वेगळं साधन ठेवायला एवढं कारण पुरेसं आहे.

बाकीचं पटकन होतं. काढून टाकलेल्या पॅकेजेसच्या मागे राहिलेल्या सेटिंग फाइली 'डीपीकेजी'मध्ये 'आरसी' अशा खुणेने दिसतात. 'एपीटी पर्ज'ला टिल्ड-सी (~c) हा पॅटर्न दिला की त्या जातात. 'एपीटी क्लीन'ने उतरवलेल्या डेब फाइलींची जागा मोकळी होते. फ्लॅटपॅक (एपीटीबाहेरून ॲप्स टाकायची पद्धत) वापरत असाल तर त्याचे बिनकामाचे रनटाइम, म्हणजे ॲप्सना लागणारे सामायिक संच, 'अनयूज्ड' पर्यायाने काढा, जागा खऱ्या अर्थाने तेच खातात. पायथनच्या प्रकल्पांच्या लायब्ररी या यादीत आणूच नका, त्या ज्याच्या त्याच्या व्हेन्वमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या वेगळ्या कप्प्यात. डेबियन १२ पासून पिप हा पायथनचा इन्स्टॉलर तसाही सिस्टिमभर काही टाकायला नकार देतो.

टिल्ड-ओ (~o) या पॅटर्नने आता कुठल्याच रेपॉझिटरीत (पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारात) नसलेली पॅकेजेस दिसतात, म्हणजे ११ आणि १२ मधलं उरलेलं सामान. तुमच्यासारख्या दोनदा अपग्रेड केलेल्या मशीनवर ही यादी बघाच. फक्त तुम्ही इक्विव्ह्जने बनवलेलं मेटापॅकेजही कुठल्या रेपॉझिटरीत नसल्याने याच यादीत येईल. तेव्हा तिथे सरसकट 'पर्ज' न करता नावं निवडून काढा.