नाक-डोळे बुजलेला सैनिक

प्रश्न : भावाने लंडनहून पटावरचा एक खेळ पाठवला. त्यात प्लास्टिकचे दहा सैनिक आहेत, अंगठ्याच्या पेराएवढे, राखाडी, बिनरंगाचे. मुलीच्या पोस्टर कलरने मी एक रंगवला, तर त्याचे नाक-डोळे रंगाखाली बुजले. दोनदा खेळलो तेवढ्यात तलवारीचा रंग बोटांना आला. काय चुकलं? हा सैनिक आता फुकट गेला का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फुकट कसला जातोय, ताई! पोस्टर कलर वाळला तरी पाण्याने सुटतो, म्हणून तर तो घामेजल्या बोटांना लागला. तोच दोष आता कामी येईल. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घ्या. सैनिक पुन्हा राखाडी होईल. पाणी कढत नको, तलवार वाकेल.

रंग ॲक्रिलिक घ्या. वालेहो, सिटाडेल हे याच कामाचे रंग, पण सिटाडेलच्या साध्या डबीत जेमतेम 12 मिली असतो. सगळा संच घेऊ नका, पाच रंग पुष्कळ झाले.

त्याआधी प्राइमर हवा, नाहीतर गुळगुळीत प्लास्टिकवर रंग धरत नाही. इथे माझी फजिती सांगतो. मी पेणचा. जुलैत, गॅलरीत उभं राहून आठ सैनिकांवर प्राइमरचा स्प्रे मारला. वाळल्यावर बोट फिरवलं तर आठही जण रव्याच्या लाडवासारखे खरखरीत! दमट हवेत स्प्रेचं असं होतं. पावसाळ्यात प्राइमर ब्रशनेच लावावा.

आता नाक-डोळे का बुजले ते. रंग दाट होता. डब्याच्या झाकणात ओला स्पंज ठेवा, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग काढून थेंब थेंब पाणी घाला. साय काढलेल्या दुधाइतका पातळ झाला पाहिजे. ब्रश आधी टिश्यूला टिपायचा, मग सैनिकाला लावायचा. पहिला हात दिलात की घाबराल : खालचं राखाडी दिसतं, सगळं ठिगळ ठिगळ. चाळीस वर्षं चित्रकला शिकवली, पोरं नेमकी इथेच धीर सोडतात आणि वरून दाट रंग फासतात. दहा मिनिटं चहा प्या, दुसरा हात द्या. पिवळा आणि पांढरा तीन-तीन हात मागतात.

मग काळपट वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडा. तो आपला आपण घड्यांत, खाचांत जाऊन बसतो आणि सावली दिसू लागते. फार साचला तर कोरड्या ब्रशने शोषून घ्या.

ब्रश एक नंबरचा, टोकदार. तीन शून्यांच्या ब्रशच्या मोहात पडू नका. इतका कमी रंग धरतो की डोळ्यापर्यंत पोचेतो टोकावरच वाळतो.

डोळ्यांचं म्हणाल तर आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती कसलेला हातच करतो. इथे उलटं करा. डोळे आधी काढा, चुकले तर कातडीच्या रंगाने कडा सावरता येतात. किंवा काढूच नका! भुवईखाली वॉशची काळी रेघ असली तरी हातभरावरून तो बघतोय असंच वाटतं.

पुढे ॲक्रिलिक बिघडलं तर मात्र साबणाने निघणार नाही. प्लास्टिकचा सैनिक काचेच्या बरणीत, पाणी न घालता, डेटॉलमध्ये रात्रभर बुडवा. सकाळी हातमोजे घालून डेटॉलमध्येच घासा. आधी नळाखाली धरलात तर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि तो खाचांतून निघता निघत नाही. रंग पुरता निघाला की मग साबण.

शेवटी मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात. तलवारीच्या टोकाला एक जास्तीचा, बोटं तिथेच लागतात. आणि पावसाळ्यात वॉर्निशचाही स्प्रे नको.