वडोदऱ्यात राहतो, कपाटाचे दोनच खण मोकळे आहेत. जुन्या पोलीस गाड्यांची मॉडेल्स कोणत्या मापात जमवावीत?

१:४३ मध्येच जमवा, म्हणजे खऱ्या गाडीच्या लांबीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढी. खरी ॲम्बेसेडर सुमारे ४.३ मीटर लांब, म्हणजे या मापात जेमतेम १० सेंटीमीटर. १:१८ मध्ये तीच २४ सेंटीमीटर जागा अडवते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी १:४३ च्याच गाड्या आहेत आणि छपरावरचा दिवा, दारावरची अक्षरं नुसत्या डोळ्यांनी सुरेख दिसतात. घेताना तो दिवा आधी बघा, जुन्या मॉडेलचा हमखास तुटलेला असतो. मात्र १९३०च्या दशकातली धातूची मॉडेल्स जपून घ्या: जस्तात शिसं मिसळलेलं असेल तर धातू फुगून तडकतो, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत जास्तच, आणि त्यावर इलाज नाही. केसासारखी बारीक भेग दिसली तरी सोडून द्या.