फी वाचेल, पण पगाराचं काय?

प्रश्न (पत्र थोडक्यात): आम्ही फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझ्या हातात महिन्याला ६८,००० रुपये येतात. पत्नी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, तिच्या हातात ४३,००० येतात आणि तिच्या नोकरीला ९ वर्षं २ महिने झालेत. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. गृहकर्जाचा हप्ता २३,४००, एसआयपी १५,००० आणि एफडी ४ लाखांची आहे. मुलगी सकाळी पावणेसातला व्हॅनमध्ये बसते, शिकवणी आटोपून संध्याकाळी घरी येते तेव्हा कोणाशी बोलत नाही. शाळेवर वर्षाला दोन लाखांहून जास्त जातात. त्यापेक्षा पत्नीने नोकरी सोडून दोघांना घरीच शिकवावं असं वाटतं. गावातली चार कुटुंबं मिळून एक शिक्षिका ठेवावी असंही बोलणं चाललंय. हे कायद्यात बसतं का, आणि आम्हाला परवडेल का?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी घरी येऊन बोलत नाही हे वाक्य पैशांच्या आकड्यांमध्ये कुठेतरी दडून बसलंय. खरं कारण तेच आहे, हे मी धरून चालतो. फी वाचवण्यासाठी कोणी घरशाळा काढत असेल तर त्याने ती काढू नये, कारण फी वाचत असली तरी पैसे वाचत नाहीत. हिशोब पुढे देतो. आधी कायदा पाहू, कारण तो कळला नाही तर पैसे कुठे ठेवायचे तेही कळणार नाही.

सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १० सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. मात्र ते कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला या कायद्यात दंड किंवा शिक्षा ठेवलेली नाही. घरी शिकवण्यासाठी परवाना देणारं ऑफिसही कुठे नाही. म्हणजे घरशाळेला कायद्याने मान्यता दिलेली नाही आणि तिच्यावर थेट बंदीही घातलेली नाही. देशातली अनेक कुटुंबं याच फटीत मुलांना शिकवतायत. गोव्याचा स्वतःचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा १९९५ चा कायदाही आहे. म्हणून मुलीचं नाव काढण्यापूर्वी एखाद्या वकिलाला तासाभराची फी देऊन दोन्ही कायदे समोर ठेवून बोला. तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांनाही भेटून या. शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली की कोणीतरी दारात येणार. तेव्हा ओळख आधीची असली तर बोलणं सोपं जातं.

चार कुटुंबांच्या शिक्षिकेचा विचार मात्र इथेच थांबवा. आठवड्यातून दोनदा मुलं एकत्र खेळली, कोणाच्या तरी आईने सगळ्यांना विज्ञान शिकवलं, तर ती शिकवणी. रोज सकाळी ठरलेल्या खोलीत वर्ग भरायला लागला आणि फी गोळा व्हायला लागली, की ती विनामान्यता शाळा धरली जाऊ शकते. त्यावर मात्र याच कायद्यात दंड आहे: १ लाखापर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर रोजचे १०,००० रुपये. चौघांपैकी ज्याच्या ओसरीवर वर्ग भरेल त्याच्या गळ्यात ते पडेल. तुम्ही ओसरी देऊ केली आहे असं पत्रातून वाटतं!

परतीची वाट उघडी आहे. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो. पण सध्याच्या खासगी शाळेत ती जागा तुमची वाट पाहत राहील असं नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळा धरून चला. आणि पुढे दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा आहे. ती १९८९ मध्ये सुरू झाली. तिथे दहावीच्या प्रवेशाला वयाची १४ वर्षं पूर्ण असावी लागतात, पाच विषय घ्यावे लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकदा केलेली नोंदणी पाच वर्षं चालते. विषय एकेक करून सोडवता येतात. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे अ, ब, क स्तरही आहेत, पण ते मान्यताप्राप्त केंद्रामार्फत घ्यावे लागतात. परदेशी बोर्डाच्या ऑनलाइन शाळांच्या जाहिराती तुम्हालाही दिसत असतील. त्यांची फी आणि परीक्षा शुल्क बघितलं तर तुमची आजची शाळा स्वस्त वाटेल.

आता एक गोष्ट गोव्याची. इथे सरकारी नोकरीला आणि बऱ्याच प्रवेशांना मामलेदारांचा रहिवासी दाखला लागतो, आणि मूल इथेच वाढलं याचा सोपा पुरावा म्हणजे शाळेचे दाखले. ते नसतील तर दुसरे पुरावे तुम्हालाच जमवत राहावे लागतील. बार्देशातल्या माझ्या एका अशिलाच्या घरी मी यासाठी ठेवलेलं जाड रजिस्टर बघितलंय. रोजची तारीख आणि त्याखाली आईच्या अक्षरात दोन ओळी. एका पानावर लिहिलं होतं, ‘आंब्याच्या पेट्या मोजल्या, एका पेटीत चार डझन, अकरा पेट्या. सातच्या पाढ्यापाशी रडला.’ सोबत ग्रंथालयाची पावती, लसीकरणाचं कार्ड, क्लासच्या पावत्या, सगळं टाचलेलं. त्या बाईंना मी म्हटलं, हे रजिस्टर लॉकरमध्ये ठेवा. तुमच्या मुलीला मेडिकलला जायचं असेल तर आणखी एक काम आतापासून करा: बांबोळीच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतली रहिवासाची आणि गोव्यातल्या शिक्षणाची अट दरवर्षी वाचत जा.

आता हिशोब. तुम्ही कळवलेले आकडे मी वर्षाचे करून मांडले. दोघांची फी १,३०,०००, व्हॅन ४४,०००, शिकवणी १८,०००, गणवेश आणि वह्या-पुस्तकं २२,०००. म्हणजे शाळेचे २,१४,०००. त्यात शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या बाईंचे ४८,००० आणि वहिनींच्या जाण्यायेण्याचे ३०,००० घाला, कारण नोकरी सुटली की तेही वाचतील. एकूण २,९२,०००. पण घरशाळा फुकट होत नाही. पुस्तकं, प्रयोगाचं सामान, इंटरनेट, एखादा गाण्याचा किंवा पोहण्याचा क्लास, आणि पेट्रोल. हो, पेट्रोलच. बार्देशातल्या त्या अशिलाच्या वहीत पुस्तकांपेक्षा पेट्रोलचा खर्च जास्त होता. पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय, मिरामारचं विज्ञान केंद्र, फोंड्यातलं कलामंदिर, हेच तुमचे वर्ग होणार आणि तिथे गाडीनेच जावं लागणार. सगळं मिळून वर्षाला १,१०,००० धरा. म्हणजे खरी बचत १,८२,०००.

आता दुसरी बाजू. पगार ५,१६,०००. मूळ वेतन २४,००० आहे, म्हणजे कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के वाटा वर्षाला ३४,५६०. ग्रॅच्युइटीत दर वर्षाला साधारण १३,८४६ ची भर पडते. शिवाय कंपनीचा आरोग्यविमा जाईल आणि घरच्यांसाठी स्वतःचा घ्यायला ३०,००० च्या आसपास लागतील. बेरीज ५,९४,०००. त्यातून बचत वजा केली की ४,१२,००० उरतात. घरशाळेची तुमची फी ही आहे: महिन्याला ३४,३००.

तुमच्या एकट्याच्या ६८,००० मधून हप्ता, घरखर्चाचे ३४,०००, घरशाळेचे ९,२०० आणि सगळ्या विम्यांचे ३,५०० गेले की महिन्याला २,१०० ची तूट येते. तूट दिसायला छोटी आहे. पण तीत चवथीचा (गणेश चतुर्थीचा) खर्च नाही, स्कूटरचे टायर नाहीत, आणि मुख्य म्हणजे १५,००० ची एसआयपी नाही. मुलगी अठराची होईपर्यंत ती नऊ वर्षं चालली असती आणि वार्षिक १० टक्के वाढ धरली तर साधारण २६ लाख झाले असते. १० टक्के हे माझं गृहीतक आहे, बाजाराने ते कबूल केलेलं नाही. तरी तिच्या कॉलेजच्या पैशांतून तिची आजची शाळा चालणार, हे तुम्हा दोघांना स्पष्ट दिसायला हवं.

म्हणून माझं मत: आत्ता राजीनामा नको. जूनपर्यंत थांबा. चौथी इथे प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष, पाचवीला तसंही वळण असतं. तिला ते वर्ष पुरं करू द्या, मात्र शिकवणी आजच बंद करा. माझ्या मते तिची गप्प संध्याकाळ निम्मी तरी त्या शिकवणीची आहे. जूनमध्ये वहिनींची नोकरीची दहा वर्षं भरतात आणि भविष्यनिर्वाह निधीसोबतच्या पेन्शनचा हक्क लागतो. त्याला फार भुलू नका, पेन्शनसाठी पगार १५,००० पर्यंतच धरतात, त्या मर्यादेने दहा वर्षांची पेन्शन महिन्याला २,१४३ रुपयेच होते, तीही ५८ व्या वर्षापासून. पण दहा महिने थांबून मिळत असेल तर का सोडा? ग्रॅच्युइटी तेव्हा १,३८,००० च्या पुढे असेल.

या दहा महिन्यांत एकाच पगारावर जगून बघा. तुमच्या पगारातून घर आणि हप्ता. उरलेल्या १०,६०० मधले नऊ-साडेनऊ हजार ‘घरशाळा’ नावाच्या आरडीत. वहिनींच्या पगारातून फक्त शाळेचा आणि त्यांच्या नोकरीचा खर्च, साधारण २४,३००. राहिलेले १८,७०० वेगळ्या खात्यात, हात लावायचा नाही. त्यासाठी एसआयपी तेवढे महिने थांबवा. असं मी क्वचितच सांगतो. जूनपर्यंत त्यात १,८७,००० जमतील. एक पगार असलेल्या घराला नऊ महिन्यांचा खर्च हाताशी हवा, तुमचा तो ६,३०,००० होतो. ४ लाखांची एफडी, हे खातं आणि ग्रॅच्युइटी मिळून तो भागतो. कोणत्या महिन्यात वेगळ्या खात्यातून पैसे काढावे लागले, ते लिहून ठेवा.

राजीनाम्याआधी करायच्या दोन गोष्टी आहेत, नंतर त्या जड जातात. वहिनींच्या नावाचा टर्म इन्शुरन्स पगार चालू असतानाच घ्या, कारण पगार नसलेल्या बाईला विमा कंपन्या हात आखडून रक्कम देतात. आणि घरचा आरोग्यविमा किमान दोन महिने आधी घ्या, म्हणजे सुरुवातीच्या प्रतीक्षेचे दिवस कंपनीच्या विम्याखाली निघून जातील. पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कुटुंबाला दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत चौघांसाठी ४ लाखांचं संरक्षण आहे. कार्ड काढलं नसेल तर काढा, पण त्याच्यावरच विसंबू नका. तुमचं स्वतःचं ५० लाखांचं टर्म कव्हर एकट्या कमावत्याला फार तोकडं आहे, किमान दीड कोटी करा. मुलीचं सुकन्या खातं नाही असं लिहिलंय. दहावा वाढदिवस उलटला की ते उघडता येत नाही, २५० रुपये भरून का होईना या आठवड्यात उघडा. आयकराची चिंता सोडा. फीची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, तुम्ही नव्या प्रणालीत आहात.

आणि तुम्ही न विचारलेला पर्याय. गावची सरकारी मराठी प्राथमिक शाळा तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तुम्हीच लिहिलंय. मुलाला तिथे पहिलीत घातलं तर त्याची फी आणि व्हॅन दोन्ही जातात, तो दुपारपर्यंत घरी येतो आणि नाव शाळेच्या पटावर राहतं. मग घरी शिकवायची राहते ती एकटी मुलगी. तेवढ्यासाठी वहिनींनी पूर्ण नोकरी सोडायची की कंपनीत अर्ध्या वेळेचं काम मागायचं, हा वेगळा आणि बराच हलका हिशोब होतो. नोकरी त्यांनीच सोडायची हे तुमच्या पत्रात गृहीत धरलेलं आहे, म्हणून विचारतो: त्यांनी स्वतः काय म्हटलंय?

चाचणी चवथीच्या सुट्टीत घेऊ नका. माटोळी, पाहुणे आणि आरत्यांमध्ये आठवडा कसा जातो ते कळत नाही, आणि मुलांना घरशाळा म्हणजे करंज्या असं वाटेल. दिवाळीच्या सुट्टीत घ्या. रोज तीन तास, रजिस्टर लिहून. मग जानेवारीत मला पुन्हा लिहा, आणि त्या वेगळ्या खात्याच्या पासबुकाची प्रत सोबत लावा. शक्य असेल तर ते पत्र वहिनींनी लिहावं.