ग्रेड ३ मध्ये यकृत प्रत्यारोपण: ‘जरा सावरू दे, मग पाहू’ याविषयी

खारघरच्या आपल्या थोरल्या भावाविषयी (वय ४४) आपण विचारले आहे. हिपॅटायटिस बीमुळे त्यांना सिरोसिस (यकृत घट्ट होऊन खराब होणे) होता, मध्यंतरी त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या, आता कावीळ वाढून ते आयसीयूत आहेत, डॉक्टरांनी ‘एसीएलएफ (आधीच खराब असलेले यकृत अचानक निकामी होणे), ग्रेड ३’ असे निदान सांगितले आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की आधी जरा सावरू दे, मग प्रत्यारोपणाचे पाहू. मी डॉक्टर नाही. सात वर्षांपूर्वी माझे यजमान याच दुखण्याला सामोरे गेले आणि तेव्हापासून अशा कुटुंबांसोबत मी सतत आहे. माझे मत स्पष्ट आहे: प्रत्यारोपणाची चौकशी आजच सुरू करा.

ग्रेड ३ म्हणजे तीन किंवा अधिक अवयव निकामी झालेले असणे. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्त गोठण्याची क्रिया, रक्ताभिसरण आणि श्वसन, असे सहा भाग यात मोजतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील कॅनॉनिक अभ्यासात प्रत्यारोपणाशिवाय २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ग्रेड १ मध्ये सुमारे २२ टक्के, ग्रेड २ मध्ये ३२ आणि ग्रेड ३ मध्ये ७७ टक्के होते. (एसीएलएफची आशियाई व्याख्या व तिचे गुण वेगळे आहेत, त्यामुळे दोन डॉक्टरांकडून दोन ग्रेड ऐकू आल्यास गोंधळू नका, किती अवयव आणि कोणते, एवढेच विचारा.) मेल्ड स्कोअरमध्ये (रक्ततपासण्यांवरून यकृताच्या आजाराची तीव्रता सांगणारा आकडा) मेंदू, श्वसन आणि रक्तदाब मोजले जात नाहीत, म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबू नये.

आता प्रत्यारोपणानंतरचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील तीन केंद्रांच्या अभ्यासात ग्रेड ३ असताना प्रत्यारोपण झालेल्यांपैकी सुमारे ८४ टक्के रुग्ण वर्षानंतर हयात होते. प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होते. हे वाचून मोठा धीर येतो, पण हे रुग्ण निवडून घेतलेले होते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींतून त्यांच्यापैकी कोणीही सुटले नाही, हेही घरच्यांना सांगा. आटोक्यात न आलेला जंतुसंसर्ग, रक्तातील चढते लॅक्टेट (अवयवांना पुरेसा ऑक्सिजन मिळत नसल्याची खूण), रक्तदाबाच्या औषधांची वाढती मात्रा किंवा व्हेंटिलेटरवरही ऑक्सिजन न टिकणे, अशा वेळी शल्यचिकित्सक नकार देतात किंवा थांबतात. म्हणजे ‘सावरू दे’ यात तथ्य एवढेच की संसर्ग आणि रक्तदाब आवाक्यात यावे लागतात. यकृत सावरण्याची वाट पाहायची नसते. उपचार सुरू झाल्यापासूनच्या तीन ते सात दिवसांत आजाराची दिशा बहुधा कळते, आणि त्या अवधीत डोनरची तयारी झालेली असेल तरच शस्त्रक्रियेची वेळ साधता येते.

आमची ती वेळ हुकता हुकता राहिली. ठाण्यातील एका लहान रुग्णालयात आमचे नऊ दिवस ‘कावीळ उतरेल’ या आशेवर गेले. यजमानांना हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले की ते पाखराच्या पंखांसारखे फडफडत. मला तो अशक्तपणा वाटला. मेंदूवर परिणाम होऊ लागल्याची ती खूण होती, हे मोठ्या रुग्णालयात हलवल्यावर कळले. त्या नऊ दिवसांची खंत मला अजून आहे, म्हणूनच इतके आग्रहाने लिहीत आहे.

ठाण्यात ज्युपिटर आणि बेलापूरला अपोलो येथे यकृत प्रत्यारोपण होते. भावाचे सर्व रिपोर्ट आजच तिथल्या यकृततज्ज्ञांना दाखवा आणि रुग्णाला हलवणे सुरक्षित आहे का, ते सध्याच्या डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या. मेंदूमृत दात्याचे यकृत झेडटीसीसीच्या (अवयववाटप पाहणारी विभागीय समिती) प्रतीक्षायादीतून मिळते. नाव अवश्य नोंदवा, पण ग्रेड ३ मध्ये त्यावर भिस्त ठेवता येत नाही. जिवंत दात्याच्या बाबतीत पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे कायद्याने जवळचे नातेवाईक ठरतात. रक्तगट जुळावा लागतो, आणि यकृताचा भाग साधारणपणे रुग्णाच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के, म्हणजे सत्तर किलोच्या माणसासाठी ५६० ग्रॅम, असावा लागतो. दात्याच्या जिवालाही थोडा का होईना धोका असतो. त्यामुळे कोणावरही भीड घालू नका.

आपण स्वतः दाता होण्यास तयार आहात, पण एक गोष्ट आपल्या लक्षात आलेली दिसत नाही. हिपॅटायटिस बी अनेकदा जन्माच्या वेळी आईकडून मुलांना होतो, आणि भावंडांपैकी एकाला असेल तर दुसऱ्यालाही नकळत असू शकतो. तसे निघाल्यास आपण दाता होऊ शकणार नाही, आणि हे सीटी स्कॅनपर्यंतचे दिवस खर्चून कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. आपली, वहिनींची आणि मुलांची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची लागण आहे का ते दाखवणारी) तपासणी आजच करून घ्या. साध्या रक्ताच्या नमुन्यावर ती होते. आणि भावाला विषाणूविरोधी गोळी, टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर, पुन्हा सुरू झाली आहे ना, हे आज संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांना विचाराच.