डॉल्फिन मच्छीमारांना खरोखर मदत करतात का?

होय, परंतु ही मदत एकतर्फी नसून दोघांच्याही फायद्याची आहे. दक्षिण ब्राझीलमधील लागुना येथे शंभराहून अधिक वर्षांपासून डॉल्फिन बोय माशांचे थवे किनाऱ्याकडे हाकत आणतात आणि कमरेइतक्या पाण्यात ओळीने उभे असलेले मच्छीमार, डॉल्फिनने पाठ कमानीसारखी वाकवून एकाएकी बुडी मारताच, फेकजाळे टाकतात. आमच्या खान्देशात प्रकाशा गावाजवळ, तापीच्या पावसाळी पाण्यात जाळे फेकणाऱ्यांना मी पाहिले आहे. गढूळ पाण्यात मासा नेमका कुठे आहे हे मुळीच दिसत नाही. लागुनाचे पाणीही असेच गढूळ असते, म्हणून त्या इशाऱ्याचे मोल मला फार मोठे वाटते. जाळे पडताच थवा फुटतो आणि भांबावून एकटे पडलेले मासे डॉल्फिनला सहज मिळतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार डॉल्फिन जवळ असताना मासे मिळण्याची शक्यता १७ पट असते, तर सहकार्य करणाऱ्या डॉल्फिनचे जगण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी अधिक आढळले. मात्र बोय मासेच कमी होत चालल्यामुळे ही परंपरा धोक्यात आली आहे, याची मला मनापासून चिंता वाटते.