कार्डच सगळं करणार, तर कर्नल कशाला शिकायचा?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी आवडते, लिनक्स रोज वापरते. डिव्हाइस ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) करिअर करायचं मनात आहे. पण सीनियर म्हणतात, चेकसम (डेटा बिनचूक पोचला का हे तपासायची बेरीज), पॅकेट म्हणजे डेटाचे छोटे तुकडे पाडणं, एन्क्रिप्शन सगळं आता नेटवर्क कार्डच करतं. मग ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना काम उरेल का? बाबा वेब डेव्हलपमेंटचा क्लास लाव म्हणतात. (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : सीनियर खोटं बोलत नाहीत, अर्धंच सांगताहेत. १० गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात लहान पॅकेट्स पूर्ण वेगाने आली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख होतात. एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात जेमतेम २०० सायकल मिळतात. म्हणून काम कार्डावर टाकावंच लागतं. टीएसओ (तुकडे पाडायचं काम कार्डावर सोपवण्याची सोय) चालू असेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ६४ केबीपर्यंतचा डेटा एकदम कार्डाच्या हवाली करतो आणि त्याचे चाळीसेक तुकडे कार्ड पाडतं.

पण काय सोपवायचं आणि काय नाही, हे कोण ठरवतं? २००५ च्या सुमारास अख्खा टीसीपीच (डेटा क्रमाने, न हरवता पोचवणारी नियमावली) कार्डावर नेण्याचा प्रस्ताव लिनक्सच्या नेटवर्किंग मंडळींपुढे आला. त्यांनी तो नाकारला. कार्डातल्या बंद फर्मवेअरमध्ये (ज्याचा कोड कंपनी उघड करत नाही) सुरक्षेची चूक निघाली तर ती कर्नलवाल्यांना दुरुस्त करता येणार नव्हती, शिवाय फायरवॉलचे नियमही बाजूला पडले असते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने मात्र त्याला जागा दिली. मला लिनक्सवाल्यांचं पटतं. आचारी बाहेरून बोलावला तरी कोठीची किल्ली घरच्या माणसाकडेच ठेवतात. पुढे २०१८ मध्ये लिनक्स कर्नलच्या ४.१८ आवृत्तीत टीएलएसचं (वेबसाइटच्या 'https' मागचं) एन्क्रिप्शन कार्डावर नेलं, तेव्हा हाच धडा दिसला: आकडेमोड कार्डाची, टीसीपी कर्नलचा. पॅकेट हरवून पुन्हा पाठवावं लागलं, तर नेमकं कुठून सुरू करायचं हे कार्डाला ड्रायव्हरच सांगतो. हा कोड लिहायला अवघड आहे आणि तो माणसंच लिहितात. कार्डाला एखादी गोष्ट येत नसेल तर तेच काम सॉफ्टवेअरमध्ये करून द्यायची तजवीजही (जीएसओ, २००६ पासून) कर्नलमध्येच आहे. थोडक्यात, काम सरकलंय, संपलेलं नाही.

आता तुझ्यासाठी. क्लास नको, लॅपटॉप पुरे. क्यूईएमयूमध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्स चढव आणि त्याला ई१००० हे इंटेलचं आभासी नेटवर्क कार्ड दे. 'इथटूल' या कमांडला लहान के (-k) दिलास की कोणती ऑफलोड, म्हणजे कार्डावर सोपवलेली कामं, चालू आहेत ते दिसतं. मोठा के (-K) देऊन ती एकेक बंद कर. सोबत टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारा प्रोग्रॅम) चालव. बाहेर जाणाऱ्या पॅकेटचं चेकसम 'चुकीचं' दिसेल, कारण ते भरायचं काम पुढे कार्डावर सोडलेलं असतं. मुलाखतीत हे कारण नीट सांगणारे उमेदवार फार कमी भेटतात. मग त्याच ई१००० चा ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्ये उघडून वाच: डिस्क्रिप्टर रिंग (कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यातली कामांची गोल यादी) कुठे तयार होते, डीएमए (कार्डाने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) कुठे लावला, इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) आल्यावर काय होतं. महिना जाईल, जाऊ दे. तुला मायक्रोप्रोसेसर शिकवलाय, त्याचा इथे खरा उपयोग होतो. या बाबतीत कॉम्प्युटरच्या मुलांपेक्षा तू पुढेच आहेस.

अडचणही सांगते. या कामाच्या जागा वेबच्या मानाने कमी आणि कॅम्पसला क्वचितच येतात. पुण्यात रेड हॅट, एनव्हिडिया, मार्व्हेल आहेत, बंगळुरूला अधिक. पण तिथे मार्कांइतकंच 'तुझा कोड दाखव' हे विचारतात. म्हणून चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट याच विषयावर घे आणि कर्नलला एखादा लहानसा पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठव. पहिल्यांदा परत येईल, सुधारून पुन्हा पाठव. गेट द्यायची तयारी असेल तर एम.टेक.चा रस्ताही मोकळा राहतो.

बाबांना हे पत्र वाचायला दे. क्लासची फी सध्या बाजूला ठेवा म्हणावं. त्यातून लॅपटॉपची रॅम १६ जीबी करून घे, व्हर्च्युअल मशीनला लागेल.