मनातलं, मोकळेपणानं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझं वय २३. परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात आले. पूर्वपरीक्षेची उत्तरतालिका आली आणि कळलं, यंदाही थोडक्यात राहिलं. बाबा रागवत नाहीत. फोनवर फक्त "पैसे पुरतायत ना?" एवढंच विचारतात, आणि मला तेच जास्त लागतं. रात्री अभ्यासिकेतून रूमवर आले की स्वतःला इजा करावीशी वाटते. काही वेळा केलीही आहे. मला मरायचं नाही, पण त्या वेळी दुसरं काही सुचतच नाही. रूममेटला सांगितलं तर ती घरी कळवेल. डॉक्टरकडे गेले तर पोलीस केस होईल का? कुणाशी बोलू? (नाव छापू नये.)

उत्तर : तू हे लिहिलंस, म्हणजे एका माणसाला सांगून झालं. पण मासिकातलं उत्तर यायला महिना लागतो आणि तुझी रात्र रोज येते. म्हणून आधी एक नंबर : १४४१६. हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. काय बोलायचं हे सुचलं नाही तर एवढंच म्हण, "मला आत्ता स्वतःला इजा करावीशी वाटतेय, माझ्याशी थोडा वेळ बोला." पुढचं ते विचारतील.

मरायचं नाही, असं तू लिहितेस आणि माझा त्यावर विश्वास आहे. तरी मनात मरणाचे विचार येऊ लागले किंवा जखम मोठी झाली, तर सकाळची वाट पाहू नकोस. रूममेटला उठव, १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन कर.

आता तुझ्या रात्रीबद्दल. तू नाटकी नाहीस, दुबळीही नाहीस. असह्य ताण असताना शरीराला इजा झाली की काही क्षण मोकळं वाटतं, आणि मेंदू तो रस्ता लक्षात ठेवतो. मग लाज वाटते, लाजेने ताण वाढतो, आणि पुढच्या वेळी मेंदू पुन्हा तोच रस्ता दाखवतो. पण ही ऊर्मी एकाच जोराने टिकत नाही. ती चढते, आणि ती सांगते तसं वागलं नाही तरी ओसरते. तू तिच्याशी भांडू नकोस, फक्त वेळ काढ. "आत्ता नाही, पंधरा मिनिटांनी बघू." पंधरा झाली की आणखी पंधरा.

त्या पंधरा मिनिटांत काय करायचं? श्वास रोखून गार पाण्यात काही सेकंद चेहरा बुडव, किंवा गार पाण्याची घडी डोळ्यांवर आणि गालांवर धर. हृदयाची गती मंदावते आणि अंगातली धडधड खाली येते. (हृदयाचा काही त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) किंवा जिना भरभर चढउतार कर. हा गार पाण्याचा उपाय डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी या उपचारात शिकवतात. तो उपचार घडवणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान तरुणपणी स्वतः या त्रासातून गेल्या होत्या, रुग्णालयात राहिल्या होत्या. २०११ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे सांगितलं. तुझ्या जागी कुणीतरी होतं, आणि तिथूनच हा उपाय आला, हे तुला माहीत असावं असं मला वाटलं. मनगटावर रबर ओढण्यासारखे उपाय कुणी सुचवले तर करू नकोस. त्यातही वेदनाच हवी असते.

हे सगळं रात्री आठवणार नाही. म्हणून उद्या दिवसा, चहा घेताना, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव. त्रास सुरू होण्याआधी काय होतं? तुझ्या पत्रावरून मला दोन गोष्टी दिसतात : परीक्षेचे मार्क आणि घरचा फोन. त्याखाली, एकटीने काय करेन. त्याखाली, कुठे जाऊन बसेन. रूमवर एकटं राहण्यापेक्षा मेसमध्ये, मैत्रिणीच्या खोलीत. मग कुणाला फोन करेन, त्यांचे नंबर. शेवटी १४४१६. आणि ज्या वस्तूने तू इजा करतेस, ती खोलीबाहेर जाऊ दे. ती हाताशी नसणं हा माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. मन शांत असतानाच हे जमतं.

रूममेटचं तू सगळं आधीच ठरवून टाकलं आहेस. तिला विचारून तर बघ. असं सांग : "मला रात्री फार त्रास होतो, मी स्वतःला इजा करते. तू घरी सांगू नकोस, पण मी हाक मारली की माझ्याजवळ बस. आणि माझ्या जिवाला धोका वाटला तर मात्र कुणालाही सांग." शेवटचं वाक्य गाळू नकोस. त्याशिवाय तिच्यावर एकटीने सांभाळायचं ओझं पडेल.

डॉक्टरांविषयी. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात जाता येतं. तिथे बसून मन मोकळं केल्याने पोलीस केस होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझी माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे. जिवाला धोका असणं वगैरे मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर ती इतरांना सांगू शकत नाहीत. जखम घेऊन गेलीस तर रुग्णालय पोलिसांकडे नोंद पाठवू शकतं, पण नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्तीही तीव्र ताणाखाली होती असं हा कायदा गृहीत धरतो आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देतो. तू तर मदत मागायला जाणार आहेस. पहिल्यांदा जाताना सोबत कुणीतरी ने, एकटीने रांगेत उभं राहणं अवघड जातं.

बाबांचं. "पैसे पुरतायत ना?" हा प्रश्न तुला हिशेब मागितल्यासारखा ऐकू येतो. कदाचित त्यांना तुझी काळजी वाटते आणि ती विचारायला त्यांच्याकडे दुसरे शब्द नाहीत. मला खात्री नाही, तू त्यांना ओळखतेस. पण त्यांना इजेचं सांगायचं की नाही, हे आज ठरवायची घाई नको. डॉक्टरांशी एक-दोन भेटी होऊ देत. तुझी इच्छा असेल तर बाबांना तिथेच बोलावता येतं, आणि अवघड वाक्य त्यांच्यासमोर तुला एकटीला बोलावं लागत नाही.